उतारशाळेचा हिशेब

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही आपणांस आकडे सांगत असतो. बाह्यरुग्ण विभागात किती जण आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, औषधांवर किती खर्च झाला आणि वर्षअखेर हाती काय उरले, एवढे सांगून आम्ही खाली बसतो. या वर्षी विश्वस्त मंडळाने आम्हांस वेगळाच विषय दिला. ख्रिस्ती विश्वास आचरणात कसा आणावा, यावर बोला, असे सांगण्यात आले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. धर्मशास्त्राचे अध्ययन आमच्या हातून झाले नाही आणि वैद्यकही आम्हांस येत नाही. हा विषय पाळकसाहेबांनी मांडावा, अशी विनंती आम्ही करून पाहिली. त्यावर अध्यक्ष महोदय म्हणाले, "पाळक दर रविवारी बोलतातच. पण रुग्णाच्या हातात बिल कोण देते? तुम्ही. मग या वेळी तुम्हीच बोला." या बोलण्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून जमाखर्चाच्या टेबलावरून जे दिसले, तेवढेच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

आपला हा परिसर, म्हणजे कृष्णाकाठचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे, ख्रिस्ती सेवेच्या इतिहासात लहान नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस हे मूळचे कॅनडाचे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते १८८९ मध्ये सांगलीस आले. तेथे त्यांनी दवाखाना सुरू केला आणि थोड्याच वर्षांत मिरज हे आपले कार्यक्षेत्र केले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी जागा दिली, सातासमुद्रापलीकडील दात्यांनी पैसा दिला आणि १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभे राहिले. पुढे तेथे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले, परिचारिका घडू लागल्या. कर्नाटक आणि गोव्याकडील माणसे डोळ्यांच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मिरजेची वाट धरू लागली. क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या दरम्यान आरोग्यधाम उभारले गेले, त्या वस्तीला लोक आजही वॉन्लेसवाडी म्हणतात. सुमारे ३९ वर्षे सेवा करून डॉ. वॉन्लेस १९२८ मध्ये निवृत्त झाले. माणसाचे नाव गावाला मिळावे, याहून मोठा पुतळा तो कोणता?

वर साताऱ्यास दुसरी एक गोष्ट घडली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांची गीते महाराष्ट्रातील मंडळ्यांतून आजही दर रविवारी गायिली जातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ते साताऱ्यास येऊन राहिले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सारे अनुयायी एकत्र बसतील असा 'देवाचा दरबार' त्यांना तेथे भरवायचा होता. हे काम हाती घेऊन दोन वर्षे होतात न होतात, तोच मे १९१९ मध्ये मुंबईस त्यांचे निधन झाले. दरबार अपुरा राहिला, पण वेतन सोडून देऊन एक माणूस साताऱ्यास आला होता, ही गोष्ट राहिली.

या दोन नावांचा उल्लेख आम्ही केवळ अभिमानापोटी केला नाही. त्यांच्या आयुष्यांकडे पाहिले की आजच्या विषयातील तीन शब्द समोर येतात. ते म्हणजे उपासना, समर्पण आणि प्रीती. हे तीन शब्द आपल्या प्रार्थनांतून इतके एकत्र येतात की त्यांचा अर्थ आपण तपासून पाहत नाही. हिशेबनीसाला मात्र प्रत्येक नोंद तपासण्याची खोड असते. ती खोड घेऊनच पुढे बोलतो.

प्रथम उपासना. आपल्या रुग्णालयात रोज सकाळी पावणेआठ वाजता बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात प्रार्थना होते, हे आपण जाणता. 'उपासना संगीता'तील एक गीत, एक छोटा शास्त्रपाठ, मग रुग्णांसाठी, डॉक्टरांसाठी आणि त्या दिवशीच्या शस्त्रक्रियांसाठी प्रार्थना, असा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम असतो. सर्व धर्मांचे कर्मचारी तेथे उभे राहतात. कोणावरही सक्ती नाही.

पूर्वी या पंधरा मिनिटांत केसपेपरची खिडकी बंद असे. आम्ही स्वतःच तसा नियम केला होता, आणि त्यात भक्तिभाव आहे अशी आमची समजूत होती. एके दिवशी माण तालुक्यातून पहिल्या एस.टी.ने आलेल्या एक आजीबाई बंद खिडकीपुढे उभ्या होत्या. हातात मोतीबिंदूची जुनी चिठ्ठी होती. गीत संपेपर्यंत त्या उभ्या राहिल्या, शास्त्रपाठ संपेपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग पाय भरून आल्याने जमिनीवर बसल्या. आम्ही डोळे मिटून जगातील सर्व दुःखितांसाठी प्रार्थना करीत होतो. डोळे उघडले तेव्हा त्या समोर बसलेल्या दिसल्या. त्यांनी तक्रार केली नाही. "देवाचं चाललंय, चालू द्या," एवढेच त्या म्हणाल्या. या त्यांच्या बोलण्याने आम्ही अधिकच खजील झालो.

प्रभू येशूने शिष्यांना सांगितले होते की, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे तेथे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी भावाकडे जा आणि मग येऊन अर्पण कर. आम्ही हा उतारा अनेकदा ऐकला होता. त्यातील क्रम मात्र त्या सकाळी प्रथमच ध्यानी आला. उपासना थांबविण्याची मुभा देवाने स्वतः दिलेली आहे, माणसाला ताटकळत ठेवण्याची दिलेली नाही. दुसऱ्याच दिवसापासून आम्ही नियम बदलला. प्रार्थनेच्या वेळी एक खिडकी उघडी असते. आळीपाळीने एकेक कर्मचारी तेथे बसतो, आणि त्याची हजेरी प्रार्थनेच्या वहीत लागते. वहीत तशी नोंद करावी, हा आमचा आग्रह होता. कारण खिडकीवर बसणारा उपासनेला गैरहजर असतो, असे आम्ही मानीत नाही.

आता समर्पण. या शब्दापाशी आम्हांस थोडे थांबावे लागेल, कारण येथे आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. ती या संस्थेतील नव्हे. तरुणपणी आम्ही दुसऱ्या एका रुग्णालयात रोखपाल होतो, तेथील ती आहे. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण खिडकीवर आम्ही होतो.

दिवस गळीत हंगामाचे होते. या भागातील साखर कारखान्यांवर बीडकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपण दर हिवाळ्यात पाहता. अशाच एका टोळीतील बाईला उसाच्या फडात साप चावला. पाचट उचलताना हाताला दंश झाला होता. बैलगाडीतून आणि मग कोणाच्या तरी जीपमधून तिला रात्री अकराच्या सुमारास आणले. डॉक्टरांनी लस लिहून दिली. रुग्णालयाचा नियम असा होता की, महागडे औषध अनामत रक्कम भरल्याच्या पावतीवरच बाहेर काढायचे. नवऱ्याजवळ पैसे नव्हते. मुकादमाकडून घेऊन येतो, म्हणाला. मुकादमाचा मुक्काम किती लांब होता, हे आम्ही विचारले नाही. आम्ही नियम सांगितला आणि पावतीपुस्तक मिटले.

त्या रात्रीच्या पाळीला एक ज्येष्ठ परिचारिका होत्या, मिरजेत शिकलेल्या, मितभाषी. त्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पावती माझ्या नावावर फाडा." आम्ही पावती फाडली. लस मिळाली आणि बाई वाचली. येथवर गोष्ट समाधानाने सांगण्याजोगी आहे. पुढची तशी नाही. महिनाअखेरीस पगारपत्रक करताना त्या रकमेची नोंद समोर आली. नियमाप्रमाणे ती कर्मचाऱ्याने घेतलेली उचल ठरत होती. ती आम्ही सिस्टरांच्या पगारातून चार हप्त्यांत कापली. त्यांनी एका शब्दाने विचारले नाही. आम्हीही एका शब्दाने कोणास सांगितले नाही.

त्या वर्षीच्या अहवालात 'गरीब रुग्णांना दिलेली सवलत' असा तक्ता होता. तो आम्हीच तयार केला होता. त्यात ही रक्कम नव्हती. असणार कशी? पावती पूर्ण रकमेची होती. आमच्या वहीच्या दृष्टीने ती ऊसतोड करणारी बाई पूर्ण पैसे भरणारी रुग्ण होती. वही बरोबर होती, बेरीज बरोबर होती, लेखापरीक्षकांनी कोठेही शेरा मारला नाही. पण तो हिशेब खोटा होता.

पुढल्या हंगामात तिचा नवरा एक गाठोडे घेऊन खिडकीशी आला. त्यात ज्वारी होती. "त्या सिस्टर कुठं हायेत?" एवढेच त्याने विचारले. त्या तोवर ती नोकरी सोडून गावी परतल्या होत्या. गाठोडे आमच्यापाशी ठेवून तो निघाला. वस्तुरूपाने आलेल्या देणगीची पावती कशी करावी याचा विचार आम्ही करू लागलो, आणि मग उमगले की ही देणगी संस्थेला आलेलीच नाही. रुग्णालयाने आपल्याला काय दिले आणि सिस्टरांनी काय दिले, हे त्या माणसाला नेमके ठाऊक होते. आम्हा शिकलेल्यांना मात्र ते वहीतून दिसले नव्हते. ज्वारी आम्ही सिस्टरांच्या गावी पोहोचती केली. पगारातून कापलेली रक्कम परत करण्याचे धैर्य त्या वयात आम्हांस झाले नाही. ते पुढे झाले, तेव्हा त्या हयात नव्हत्या.

ही गोष्ट आम्ही आज का सांगितली? धर्मादाय संस्थांत समर्पण हा शब्द फार सहज वापरला जातो, म्हणून. स्वतःचे अर्पण करणे ही उपासना आहे, असे प्रेषित पौल रोमकरांस लिहितो. आपले शरीर जिवंत यज्ञ म्हणून द्यावे, असे त्याचे सांगणे आहे. तेथे शब्द 'आपले' असा आहे. दुसऱ्याचे शरीर, दुसऱ्याची झोप किंवा दुसऱ्याचा पगार अर्पण करण्याची मोकळीक तो कोणास देत नाही. सिस्टरांनी जे दिले ते समर्पण होते. आम्ही जे कापले ती वसुली होती. रक्कम एकच, पण एका बाजूने पाहिले तर ते प्रभूच्या चरणी वाहिलेले फूल होते आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर संस्थेने आपला भार एका कमी पगाराच्या बाईच्या खांद्यावर टाकला होता.

टिळकांच्या औदार्याविषयी आपण आदराने बोलतो आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचली आहेत, त्यांना ठाऊक आहे की हाती आलेला पैसा घरी टिकू न देणाऱ्या त्या थोर पुरुषाच्या संसाराची दोन टोके कोण जुळवीत होते. लक्ष्मीबाईंनी ते हसत केले आणि हसत लिहिले, हा त्यांचा मोठेपणा. पण त्याग एकाच्या नावावर आणि त्याची झळ दुसऱ्याला, असे घरात घडते तसे संस्थेतही घडते. फरक इतकाच की लक्ष्मीबाईंपाशी लेखणी होती. रात्रपाळीच्या सिस्टरांपाशी, वॉर्डातील मावशींपाशी आणि रुग्णवाहिकेच्या चालकापाशी ती बहुधा नसते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. त्या आठवड्यात आमचे कित्येक सहकारी स्वतःच्या घरात पाणी शिरलेले असताना कामावर होते. एका मावशींनी तीन दिवस वॉर्ड सोडला नाही. घरचे सामान कोणी हलविले, हे त्यांना चौथ्या दिवशी कळले. मार्च २०२० च्या अखेरीस इस्लामपुरात करोनाचे रुग्ण सापडले, तेव्हाही असेच झाले. अहवालात आम्ही त्या वर्षी त्यांच्या निष्ठेचे कौतुक छापले. कौतुक छापणे सोपे असते, कारण त्याला निधी लागत नाही.

तिसरा शब्द प्रीती. शेजाऱ्यावर प्रीती कर, हे ऐकल्यावर एका शास्त्रपंडिताने प्रभूला विचारले, माझा शेजारी कोण? त्यावर प्रभूने चांगल्या शोमरोन्याचा दाखला दिला. वाटेत लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला माणूस, त्याला पाहून दुसऱ्या बाजूने गेलेले दोघे धर्मसेवक, आणि मग परक्या जातीचा, परक्या पंथाचा एक प्रवासी थांबतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. या गोष्टीवर आपण असंख्य प्रवचने ऐकली आहेत, आणि ती सर्व शोमरोन्यावर असतात. आमचे लक्ष मात्र नेहमी तिसऱ्याच माणसाकडे जाते. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक.

शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघतो. जाताना रक्षकाच्या हाती दोन दिनार देतो. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा ही दोन दिवसांची मजुरी झाली. याचे संगोपन करा, अधिक खर्च झाला तर मी परत येताना देईन, असे सांगून तो वाटेस लागतो. रक्षकाने पुढे काय केले, ते गोष्टीत नाही. पण आम्हांस ते पुरते कळते, कारण आमचे सारे आयुष्य त्या उतारशाळेत गेले आहे. दात्याने रक्कम दिली आणि तो गेला. रुग्ण खाटेवर आहे. तो किती दिवस राहील, हे ठाऊक नाही. दोन दिनार कधी संपणार, हे रक्षकाला ठाऊक आहे. शेजारच्या खोलीत दुसरा प्रवासी आला आहे. नोकरांचे पगार द्यायचे आहेत. आणि दात्याने शब्द दिला आहे, पण लेखी काही नाही.

त्या रक्षकाची प्रीती कशी असेल? त्याने जखमांवर तेल ओतले असे कोणी लिहून ठेवले नाही. त्याची प्रीती एवढीच की पैसे संपल्यावर त्याने रुग्णाला बाहेर काढले नाही, आणि शोमरोनी परत आला तेव्हा जितका खर्च झाला तितकाच सांगितला. पहिली गोष्ट दयेची आणि दुसरी सचोटीची. रुग्णालयाच्या व्यवस्थापनात या दोहोंपैकी एक जरी सुटली तरी प्रीती टिकत नाही. दया सुटली तर उतारशाळेचे दुकान होते. सचोटी सुटली तर उतारशाळा एके दिवशी बंद होते, आणि मग पुढच्या जखमी माणसाला दारच उरत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील मिशनच्या कितीतरी जुन्या रुग्णालयांना परदेशी मदत आटल्यानंतर उतरती कळा लागली, ती आपण पाहिली आहे. त्यांच्या भिंतींमध्ये प्रार्थना कमी झाली होती असे आम्हांस वाटत नाही. दोन दिनार संपल्यानंतरचा हिशेब वेळेवर मांडला गेला नाही, असे मात्र पुष्कळदा वाटते.

प्रीतीला भेदाभेद चालत नाही, हेही त्या दाखल्यात आहे. आमच्या खिडकीवर धर्म विचारला जात नाही, विचारण्याचे कारणही नाही. आषाढात श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा आमचे पथक लोणंदला असते. चालून फोड आलेले पाय धुवायचे, मलम लावायचे, पट्टी बांधायची, एवढेच काम. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, हे आमच्या मुलींना लहानपणापासून ठाऊक असते. लोणंदला एखादे वारकरी बाबा पट्टी बांधून झाली की वाकून आमच्या परिचारिकेच्याच पायाला हात लावतात, कारण त्यांच्या वाटेवर जो भेटेल त्याच्या पायी लागण्याची रीत आहे. तीही संकोचून वाकते. त्या क्षणी कोण कोणाची सेवा करीत आहे, हे सांगणे कठीण होते. टिळकांना साताऱ्यास जो दरबार भरवायचा होता, त्याचा एखादा कोपरा असाच दिसला असता, असे आम्हांस वाटते.

आता व्यवहाराकडे येतो. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार २००६ पासून राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात, तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. शासनाची जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली, पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. या तरतुदींनी पुष्कळांना आधार दिला. पण कायदा किमान मर्यादा सांगतो. रात्री अकरा वाजता शिधापत्रिका गावी राहिलेला मजूर खिडकीपुढे उभा असतो, त्या वेळी कागद येईपर्यंतचे अंतर कोणी तरी भरून काढावेच लागते. प्रश्न इतकाच आहे की ते कोणी भरावे. रात्रपाळीच्या सिस्टरांनी, की आपण सर्वांनी मिळून?

या रुग्णालयात आल्यावर आम्ही विश्वस्त मंडळाकडे पहिली मागणी केली ती याच संबंधात. मंडळाने ती मान्य केली. त्यानुसार तातडीच्या वेळी पाळीवरील डॉक्टर किंवा परिचारिका यांच्या एका सहीवर कोणतेही औषध बाहेर येते. त्या पावतीला आमच्याकडे 'रात्रीची पावती' म्हणतात. सकाळी दहा वाजता ती आमच्या टेबलावर येते. कागदपत्रे झाली तर रक्कम योजनेतून मिळते, न झाली तर रुग्णसहाय्य निधीतून भागविली जाते. सही करणाऱ्याला कारण विचारले जात नाही आणि त्याच्या पगाराला हात लावला जात नाही. लोक याचा गैरफायदा घेतील, अशी भीती आरंभी काहींनी व्यक्त केली होती. क्वचित कोणी घेतलाही असेल. पण पुष्कळांनी नंतर येऊन, कधी वर्षभराने येऊन, पैसे भरले आहेत. गरिबाला ऋण लक्षात राहते, हे आम्हांस त्या ज्वारीच्या गाठोड्याने आधीच शिकविले होते.

एक विनंती मात्र आज जाहीरपणे करावयाची आहे. नव्या इमारतीसाठी देणगी द्यावयास अनेक जण पुढे येतात. त्यांचे आम्ही ऋणी आहोत. भिंतीवर नावाची पाटी लावता येते, फीत कापता येते. परंतु रात्रीच्या पावतीवर कोणाची पाटी लावता येत नाही, आणि परिचारिकांच्या पगारातील अनेक वर्षांची राहिलेली वाढ देण्याच्या समारंभाला फीत नसते. आमची विश्वस्त मंडळास नम्र सूचना आहे की, नव्या मजल्याचे काम हाती घेण्यापूर्वी ही वाढ द्यावी. आणि देणगीदारांस विनंती आहे की, आपल्या देणगीचा काही भाग कोणत्याही अटीविना रुग्णसहाय्य निधीस द्यावा. शोमरोन्याने उतारशाळेला नवी खोली बांधून दिली नव्हती. त्याने चालू खर्चाचे पैसे दिले होते, आणि उरलेल्या खर्चाची हमी घेतली होती. आमच्या अनुभवात याहून मोठे दान नाही.

या वर्षीच्या ताळेबंदाला आम्ही एक पान जोडले आहे. सहकाऱ्यांनी या वर्षात जादा पाळ्या किती केल्या, रजा किती सोडल्या आणि त्यांपैकी कशाचा मोबदला संस्था देऊ शकली नाही, हे त्यावर नोंदविले आहे. कायद्याने हे पान आवश्यक नाही. लेखापरीक्षकांनीही त्याबद्दल विचारले नव्हते. पण ज्यांनी खरे अर्पण केले, त्यांची नावे निदान आपल्या वहीत असावीत आणि ते आपल्यावरील ऋण आहे, हे त्या नोंदीवरून दिसावे, एवढाच हेतू आहे. त्यातील जितके फेडता येईल तितके फेडू. जे फेडता येणार नाही, त्यासाठी प्रार्थना करू, पण फेडण्याच्या ऐवजी प्रार्थना करणार नाही.

उपासना, समर्पण आणि प्रीती यांविषयी एका हिशेबनीसाला जे सांगता आले ते एवढेच. ज्या परमेश्वराने या संस्थेला इतकी वर्षे चालविले, त्याचे आम्ही आभार मानतो. आपण सर्वांनी विश्वासाने आमच्या हाती आपले पैसे आणि आपली माणसे सोपविली, त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. शोमरोनी परत येईल, हे त्या रक्षकाने गृहीत धरले होते. आम्हीही ते धरून चाललो आहोत. तो येईल तेव्हा उतारशाळा उघडी असावी, जखमी माणूस बरा होऊन निघालेला असावा आणि वही खरी असावी, एवढीच प्रार्थना.